२.९ फूट म्हणजे २ फूट ९ इंच नव्हे! ओटा बसला, मशीन बसेना

निखिल_भांडुप
मंडळी, आधी पोटभर हसून घ्या आणि मग मदत करा. भांडुपला आमच्या वनबीएचकेचं किचन नवीन करायला काढलंय. ग्रॅनाईट बसलं, सिंक बसलं, टाइल्स लागल्या, आणि काल फ्रंटलोड वॉशिंग मशीन आली ती ओट्याखाली जाईचना. किती कमी पडतंय? सव्वा सेंटीमीटर. फक्त!

झालं असं की मशीनची उंची ८५ सेमी लिहिलेली होती, म्हटलं वर तीन सेमी मोकळे राहू दे, म्हणजे ८८. मिस्त्री फूट-इंचवाला म्हणून मोबाईलवर ८८ सेमीचे फूट काढले, आलं २.८८७, मग मी शहाण्यासारखं राउंड ऑफ करून कागदावर मोठ्या अक्षरात '२.९ फूट' लिहिलं आणि कागद भिंतीला चिकटवून ऑफिसला निघून गेलो. मिस्त्रीने वाचलं दोन फूट नऊ इंच. म्हणजे ८३.८ सेमी. वर मलाच म्हणतो, "साब, आपने ही तो दो नौ लिखा है." आणि लिहिलंय खरंच, काय बोलणार.

आता ओटा तोडायचा की मशीन परत करायची? आई म्हणतेय तिला ओटा याच उंचीचा बरा वाटतोय, हात लावू नका. आणि मला एकदा कोणीतरी नीट सांगा की हे फूट-इंच-सेमीचं गणित तुम्ही लोक रोज कसं करता.

चिंचपोकळी_चिऊ
हसले. आता मदत वगैरे सुतारपक्षी येऊन करतील.

सुतारपक्षी
आलो. १५ वर्षं इंटिरियरची कामं करतोय आणि हा घोटाळा वर्षातून दोनदा तरी बघतो, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका.

मूळ भानगड काय ती बघा. मोबाईल जे २.८८७ देतो त्यात टिंबानंतरचा भाग हा फुटाचा दशांश आहे, आणि फुटात इंच असतात १२, दहा नाही. त्या ०.८८७ ला १२ ने गुणायचं, आलं १०.६४ इंच. उरलेल्या ०.६४ ला ८ ने गुणायचं, आलं ५.१, म्हणजे पाच सूत. तर ८८ सेमी म्हणजे २ फूट १० इंच ५ सूत. हे मिस्त्रीला सांगितलं असतं तर त्याने अर्धा मिमी इकडेतिकडे बरोब्बर तिथेच दगड ठेवला असता. साइटवर दशांश फूट कोणी बोलत नाही. टिंब दिसलं की तो फूट आणि इंचाच्या मधला डॅश समजूनच वाचला जातो, मिस्त्रीची यात काडीची चूक नाही.

ओट्याचं नंतर बोलू, आधी एक फोटो टाका, ओट्याची पुढची कड खालून कशी दिसते त्याचा.

निखिल_भांडुप
संध्याकाळी घरी गेलो की टाकतो. सूत म्हणजे नक्की किती?

सुतारपक्षी
इंचाचा आठवा भाग. ३.१७५ मिमी. हार्डवेअरच्या दुकानात अजूनही यातच बोलतात. ४ सूत म्हणजे अर्धा इंच, ६ सूत म्हणजे पाऊण. सळईचंही तेच, १० मिमीच्या सळईला तीन सूत म्हणतात, १२ ला चार, १६ ला पाच, २० ला सहा. सोळाचं जवळजवळ तंतोतंत जमतं (५ सूत = १५.९), पण बाराचं नाही, चार सूत खरं तर १२.७ होतं. म्हणजे नाव जुनं, माल नवीन. माल कारखान्यातून मिमीतच येतो, आपण त्याला जुन्या नावाने हाक मारतो एवढंच.

प्लायमध्ये हीच गोष्ट अंगाशी येते. लोक १८ मिमीच्या प्लायला पाऊण इंची म्हणतात, पाऊण इंच होतो १९.०५. एका फळीत एक मिमी, कोणाला कळतंय? पण वॉर्डरोबमध्ये सहा उभ्या फळ्या आल्या की सहा मिमी होतात आणि मग शटर बसवताना माणूस भिंतीला शिव्या घालतो. त्यात सनमायका दोन्ही बाजूंनी एकेक मिमी. म्हणून आमच्याकडे ड्रॉइंग मिमीत आणि कटिंगची यादीपण मिमीत, कारागीर कुठलाही असो. आठ दिवस कुरकुरतात, मग सवय होते.

खारघरचा_खवय्या
एवढं कशाला, इंचाला अडीचने गुणायचं की झालं सेमी. मी आयुष्यभर तेच करतोय, काही अडलं नाही.

सुतारपक्षी
तुमचं अडलं नाही कारण तुम्ही ओटा बांधला नाहीत. इंच = २.५४ सेमी. अडीच धरलं तर १० फुटाचे ३०० सेमी येतात, खरे आहेत ३०४.८. पावणेपाच सेमी गेले कुठे? आणि क्षेत्रफळात ही चूक दोन्ही बाजूंनी लागते, लांबीत दीड टक्का तर चौरस फुटात तीन टक्के.

हां, माणसाची उंची, रस्त्यातला खड्डा, गणपतीची मूर्ती, असल्या गोष्टींना अडीच चालतं. चार इंच म्हणजे दहा सेमी, दहा फूट म्हणजे तीन मीटर आणि वर एक बोटाएवढी पट्टी, इतकं डोक्यात असलं की गप्पा मारायला पुरतं.

टाइलवाला_ठाणे
ती बोटाएवढी पट्टी म्हणजे आमच्या धंद्याची डोकेदुखी! गिऱ्हाईक म्हणतं खोली १० बाय १० आहे, टाइल २ बाय २ ची, म्हणजे पाच गुणिले पाच, २५ टाइल्स द्या. अहो ती टाइल २ बाय २ फक्त नावाला, बॉक्सवर ६०० बाय ६०० मिमी लिहिलेलं असतं. दोन फूट होतात ६०९.६. पाच टाइल्सचे ३००० मिमी, खोली ३०४८, भिंतीलगत ४८ मिमीची फट राहते आणि तिच्यासाठी अजून एक अख्खी रांग कापायची. पाडव्याला गृहप्रवेश आणि आदल्या रात्री बॉक्स कमी पडलाय म्हणून फोन. त्या लॉटचा शेड संपलेला असतो ते वेगळंच.

प्लायचं उलटं आहे बघा, आठ बाय चारची शीट २४४० बाय १२२०, म्हणजे फुटापेक्षा दीड मिमी जास्तच. कोण कुठे राउंड करतं याला काही नियम नाही.

शिवणकाम_शुभा
आमच्या क्षेत्रातली गंमत सांगते. दादरला ब्लाउज शिवायला या, छाती ३६, उंची १४, सगळं इंचात. कापड घ्यायला मंगलदास मार्केटला जा, सगळं मीटरमध्ये. ब्लाउजपीस ८० सेमी. आणि साडीचं नाव काय तर सहावार, नऊवार! वार म्हणजे यार्ड, ३ फूट, ९१.४४ सेमी. सहा वार होतात ५.४९ मीटर आणि साडी बाजारात साडेपाच मीटरचीच मिळते, त्यामुळे तिथे कधी भांडण होत नाही. नऊवारीत होतं. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. मला एका दुकानदाराने ८ मीटरचं कापड नऊवारी म्हणून दिलं होतं, घरी येऊन मोजलं तर २३ सेमी कमी. २३ सेमी म्हणजे बरोब्बर एक वीत हो! काष्टा घालताना ती वीत कुठून आणायची? परत गेले तर म्हणे "ताई, आजकाल नऊवारी आठच मीटरची असते."

अजून एक. शिवणाची टेप घ्या हातात. एका बाजूला ६० इंच, दुसऱ्या बाजूला १५० सेमी, आणि दोन्ही म्हणे टोकाला संपतात. ६० इंच म्हणजे १५२.४ सेमी. दीडशेचा आकडा ५९ इंचाच्या जरासा पुढे यायला हवा. ज्या टेपवर दोन्ही आकडे टोकालाच छापलेत ती टेप बाजूला ठेवा, तिच्यावर कुठल्यातरी एका बाजूचं माप खोटं आहे. माझ्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी मुलींना हेच तपासायला लावते.

चिंचपोकळी_चिऊ
शुभाताई, आत्ता उठून आईच्या मशीनच्या ड्रॉवरमधली टेप बघितली. दोन्ही टोकाला!! आई म्हणतेय, म्हणून बाबांच्या पायजम्याचं कधी जमलं नाही.

खडूस_आजोबा
मी ४९ सालचा. तुम्हा लोकांना जे एक कोडं वाटतंय ते आम्ही शाळेत दोनदा शिकलो. आधी मैल, फर्लांग, वार, फूट, आणि ते पाठ होतंय तोवर मीटर. मापांचा कायदा १९५६ चा. नये पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, तेव्हा मी आठ वर्षांचा. आण्याचे सहा नये पैसे. पण रुपयात आणे सोळा आणि पैसे शंभर, सोळा सक शहाण्णव, उरलेले चार कुठे गेले ते आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा. राउंड ऑफ ही काय चीज आहे ते मला तिथेच कळलं.

मैलाचे दगड आमच्या डोळ्यांदेखत किलोमीटरचे झाले, बोलताना मात्र अजून 'मैलाचा दगड'च. आता एक प्रश्न. क्रिकेटचं पीच २२ यार्डच का? वीस का नाही, पंचवीस का नाही?

शिवाजीपार्क_सिक्सर
आजोबा, २०.१२ मीटर! का ते माहीत नाही. लहानपणी तर आम्ही २२ पावलं टाकायचो, बोलर जो असेल त्याची पावलं लहान 😄

खडूस_आजोबा
जमीन मोजायची साखळी असायची इंग्रजांची, गुंटरची चेन म्हणतात, ती ६६ फुटांची. ६६ फूट म्हणजे २२ यार्ड. तेच तुमचं पीच. दहा चेनचा फर्लांग, आठ फर्लांगांचा मैल. एक चेन रुंद आणि एक फर्लांग लांब तुकडा म्हणजे एक एकर, ६६ गुणिले ६६०, ४३,५६० चौरस फूट. आता त्या चेनची अर्धी घ्या, ३३ फूट. ३३ बाय ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा! चाळीस गुंठ्यांचा एकर का, ते आता कळलं? शिवाजी पार्कच्या अर्ध्या पीचवर चौकोन काढलात की तुमचा गावचा गुंठा.

कोकणी_कणगी
आजोबा दंडवत. हे मला आमच्या तलाठ्यानेपण कधी सांगितलं नाही.

पण गुंठ्यावरून आमच्या घरात तीन वर्षं अबोला होता त्याचं सांगतो. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहितात हेक्टर-आरमध्ये. आर म्हणजे १०० चौरस मीटर, दहा बाय दहा मीटरचा तुकडा. गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. आमचे काका आरलाच गुंठा म्हणायचे आणि खरं तर गावात सगळेच म्हणतात. पाच-दहा गुंठ्यांत काही कळत नाही, पण वाटणीत 'एक एकर तुझ्या बापाचा' असं ठरलेलं, आणि त्यांनी मोजून दिले ४० आर. एकर आहे ४०४७ चौरस मीटर, मिळाले ४०००. सत्तेचाळीस चौरस मीटर गेले, म्हणजे पाचशे चौरस फूट.

सोसायटीचा_सेक्रेटरी
पाचशे फूट! मुंबईत तेवढ्यात एक कुटुंब राहतं. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० फुटांच्या खोल्यांत पिढ्या गेल्या आणि आता पुनर्विकासात त्यांना ५०० फूट मिळतायत.

आमच्याकडचं ऐका. आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेलीये, माहीमला. बिल्डरने प्रत्येकाला कागद दिला, त्यात कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र, चौरस मीटरमध्ये, कारण रेरा हा घरबांधणीचा कायदा आल्यापासून करारनामा चौरस मीटरमध्येच होतो. आमच्या मजल्यावरचे एक काका रात्री अकरा वाजता घामाघूम होऊन दारात. म्हणे आपण बुडालो, ३५ मीटर म्हणजे मला ११५ फूट देतायत! मी म्हटलं बसा, पाणी प्या. मीटरचे फूट करायला ३.२८ ने गुणतात म्हणून त्यांनी ३५ ला ३.२८ ने गुणलं होतं. अहो तो लांबीचा हिशेब. चौरस मीटरला दोन्ही बाजूंनी गुणायला हवं, ३.२८०८ गुणिले ३.२८०८, म्हणजे १०.७६४. पस्तीस चौरस मीटर म्हणजे ३७६.७ चौरस फूट. काकांचा जीव भांड्यात पडला पण आधीच सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'फसवणूक!!!' असा मेसेज गेलेला होता, तो निस्तरायला मला पुढचा आठवडा गेला.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घरांत पूर्वी २६९ फूट असा विचित्र आकडा ऐकला असेल ना? तो आकाशातून पडला नाही, २५ चौरस मीटर गुणिले १०.७६४ करून बघा.

वकील_विलेपार्ले
सेक्रेटरीसाहेब, तुमच्याच सोसायटीत १०.७६ की १०.७६४ यावरूनही वाद झाला असेल. माझ्याकडे एक जण खास त्यासाठी आले होते.

सोसायटीचा_सेक्रेटरी
झालाय! ४२ मीटरच्या फ्लॅटला फरक पडतो साधारण ०.१७ चौरस फूट. पोळपाट ठेवायलाही पुरणार नाही. पण समजा भाव तीस हजार रुपये फूट धरला तर तेच पाच हजार रुपये होतात, म्हणून लोक भांडतात. मी सांगितलं, चौरस मीटरचा आकडा कायम धरा, फूट काढायचे ते फक्त बायकोला सांगायला.

वकील_विलेपार्ले
हे मात्र बरोबर. करारात जो आकडा आहे तो खरा, बाकी सगळं तोंडी. आणि चौरस फूट बघताना एक विचारा, कार्पेट की बिल्टअप. रेराच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या पार्टिशन भिंती धरतात, बाहेरच्या नाही, बाल्कनीही नाही. लोक दशांशावर भांडतात आणि बाल्कनी आत धरलीये का बाहेर ते विचारायचं विसरतात.

निखिल_भांडुप
अरे माझं मशीन राहिलं बाजूला 😀 धागा पार माहीमला पोचला.

लोकलने_लोणावळा
निखिलभाऊ, मध्ये एक मिनिट रेल्वेचं बोलू द्या, मग तुमच्या ओट्यावर परत येतो. मी रुळांच्या मेंटेनन्समध्ये होतो, रिटायर झालो. आपल्या लोकलच्या दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६७६ मिमी. असा आकडा कोण ठरवेल? तर ते आहे साडेपाच फूट, ६६ इंच गुणिले २५.४ करा, येतं १६७६.४. ते शेवटचं ०.४ सोडून दिलं. मेट्रोचं बघा, १४३५, म्हणजे ४ फूट साडेआठ इंच. नेरळ-माथेरानची गाडी ६१०, म्हणजे दोन फूट. सगळे आकडे दिसायला मेट्रिक आणि आतून फूट.

उलटं उदाहरण फक्त मीटर गेजचं. ती बरोब्बर १००० मिमी, आणि कधीची तर १८७० च्या आसपासची, व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या वेळची. तेव्हा हिंदुस्थानात मेट्रिक मापं आणायचं घाटत होतं म्हणून रूळ मीटरचे ठरवले. मापं यायला पुढे जवळजवळ नव्वद वर्षं लागली, रूळ मात्र आधीच येऊन बसले.

आमच्याकडे गेज मोजायची वेगळी पट्टीच असते. कोणी रुळावर उभं राहून फुटाचे मिमी करत बसत नाही. निखिलभाऊ, तुम्ही टेप लावून थेट सेमी वाचून मिस्त्रीला टेपवरच बोट ठेवून दाखवलं असतं तर प्रश्नच नव्हता.

खारघरचा_खवय्या
पण मग इंच बरोब्बर २.५४ कसा काय? निसर्गात असं गोल थोडंच येतं.

लोकलने_लोणावळा
येत नाही, ठरवलंय. आधी ब्रिटनचा इंच आणि अमेरिकेचा इंच यांच्यात अगदी किंचित फरक होता. १९५९ साली त्यांनी आणि अजून काही इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी मिळून ठरवलं की यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर, बस. त्याचा छत्तिसावा भाग २५.४ मिमी. म्हणजे आजचा इंच स्वतःच मीटरच्या आधाराने उभा आहे.

प्रभादेवीची_पमी
५.१० चा विषय कोणी काढला नाही अजून? माझ्या भावाची उंची ५ फूट १० इंच. लग्नाच्या बायोडाटात बाबांनी ५.१० लिहिलं, ते मामेबहिणीने एक्सेलमध्ये टाकलं, एक्सेलने शेवटचं शून्य खाल्लं. ५.१. मंडळातून फोन, "मुलगा पाच फूट एक?" नऊ इंच गेले हो एका शून्यात! दोन स्थळं तर तिथेच गेली. आता घरात सगळे १७८ सेमी म्हणतात आणि समोरच्यांना ते कळत नाही म्हणून परत विचारतात, "म्हणजे किती फूट?"

चिंचपोकळी_चिऊ
😂😂 पमी, वहिनी मिळाली ना शेवटी?

प्रभादेवीची_पमी
मिळाली, तिची उंची ५.५ लिहिली होती. आता तो साडेपाच फूट की पाच फूट पाच इंच, ते आम्ही लग्नात हार घालताना मोजलं.

निखिल_भांडुप
फोटो टाकलाय. ओट्याच्या कडेला खालून एक पट्टी आहे ग्रॅनाईटचीच. मी ८३.८ जे मोजलं ते जमिनीपासून त्या पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत.

सुतारपक्षी
हेच बघायचं होतं! ओटा जाड दिसावा म्हणून पुढच्या कडेला खालून अजून एक पट्टी चिकटवतात, डबल मोल्डिंग. तुमचा दगड १८ मिमीचा असेल तर पट्टीपण १८ चीच. म्हणजे पट्टीच्या मागे, दगडाच्या खालपर्यंत मोजलंत तर ८३८ + १८ = ८५६ मिळायला हवेत. मशीन ८५०. सहा मिमी शिल्लक. मशीनच्या रुंदीपुरती, म्हणजे ६० सेमी आणि दोन्ही बाजूंना एकेक सेमी, एवढी पट्टी कापून काढा, बाकी ओट्याला हात लावायचा नाही. आईची उंचीपण जिथल्या तिथे.

पण आधी मागच्या बाजूला, मधे आणि पुढे, तीन ठिकाणी मिमीत मोजा. किचनच्या लादीला मोरीकडे उतार असतो, पुढे ८५६ आणि मागे ८४८ निघाले तर पट्टी कापूनही उपयोग नाही. आणि मशीनचे पाय पूर्ण आत फिरवून मशीनपण मोजा, कागदावरच्या ८५ वर जाऊ नका. टेपचा हुक हलतो म्हणून तो ठोकून घट्ट करू नका हां, तो स्वतःच्या जाडीएवढा हलावा म्हणून मुद्दामच ढिला ठेवलेला असतो, आतलं आणि बाहेरचं माप दोन्ही बरोबर यावं म्हणून.

टाइलवाला_ठाणे
किंवा खालची लादी काढा की, टाइल आणि खालचा माल धरून दोन इंच आरामात मिळतील.

सुतारपक्षी
टाइलवाले, तुम्ही टाइल विकायला बसलायत ते माहितीये 😄 खालच्या मजल्यावर गळायला लागलं की सेक्रेटरी याच धाग्यावर येऊन भांडतील.

सोसायटीचा_सेक्रेटरी
मी वाचतोय.

नळवाला_नाना
निखिल, मशीन आत ढकलायच्या आधी नळ बघ. घरातली लाइन अर्धा इंची असते, म्हणजे कागदावर १५ मिमी, पण मशीनच्या पाइपचा नट पाऊण इंची. ते पाऊण इंची आटे टेपने मोजायला जाशील तर बाहेरून साडेसव्वीस मिमी येतील आणि तू दुकानात जाऊन 'एक इंची द्या' म्हणशील. नाही चालणार. पाइपात इंच हे नाव आहे, माप नाही. तिथे गणित करायचंच नाही, जुना नट खिशात घालून दुकानात जायचं.

आणि टीव्ही घेणार असशील नवीन हॉलला तर ४३ इंची म्हणजे ४३ इंच रुंद नाही, तिरपा मोजतात. रुंदी साडेसदतीस इंच, ९५ सेमी. बॉक्सवर १०८ सेमी लिहिलेलं बघून कोनाडा करून घेणारे मी दोन बघितलेत.

निखिल_भांडुप
नाना टीव्हीचं आत्ता नको, एका वेळी एकच संकट.

मोजलं. मशीन पाय आत घेऊन ८४८. दगडाखाली पुढे ८५७, मधे ८५६, मागे ८५४. पट्टी बरोब्बर १८. सगळं मिमीत लिहिलंय, नवीन कागदावर, टिंब कुठेही नाही. उद्या मिस्त्री येतोय कटर घेऊन.

शिवणकाम_शुभा
पट्टी कापताना ओट्यावर ओली गोधडी टाका, धूळ नवीन टाइल्सच्या जोडात बसते. आणि आईंना शेजारी पाठवा तेवढा वेळ.

निखिल_भांडुप
झालं!!! मशीन आत. वर सहा मिमी फट, मागे नीट बसली, पहिल्या स्पिनला जरा थरथरली, पाय लेव्हल केल्यावर शांत. नाना, नट पाऊण इंचीच निघाला, अॅडॉप्टर आधीच आणून ठेवला होता, थँक्यू.

आई शेजारी गेली नाहीच, दारात उभी राहून बघत होती. मी मिस्त्रीला नवीन कागद दाखवला, सांगितलं १८ मिलीमीटरची पट्टी आहे, अख्खी निघायला हवी, दगडाला धक्का नको. त्याने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही, पेन्सिल कानामागून काढली आणि म्हणाला, "अठरा, मतलब पौने छे सूत."

मी गुपचूप मोबाईलवर भागाकार केला. ५.६७.